अनोळखी माणसांबरोबर रात्रीचे जेवण: क्रूझवरील सामायिक टेबलाचे परीक्षण

सिंगापूरला जाऊन तेथून क्रूझने पिनांग आणि फुकेत पाहून येणारी मंडळी आता नाशिकमध्ये प्रत्येकाच्या ओळखीत सापडतात. परत आल्यावर ती जहाजाचे मजले, पोहण्याचा तलाव, रात्रीचे कार्यक्रम आणि बुफेतील पदार्थ यांविषयी भरभरून सांगतात; मात्र बुकिंगच्या फॉर्मवर जेवणाची वेळ आणि टेबलाचा आकार विचारणारा जो एक छोटासा रकाना असतो, त्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही, कारण बहुतेकांच्या बाबतीत तो एजंटनेच परस्पर भरलेला असतो. हे परीक्षण केवळ त्या रकान्याचे आहे. मोठ्या जहाजाच्या मुख्य भोजनगृहात अनोळखी प्रवाशांबरोबर एका टेबलावर बसून रात्रीचे जेवण घेण्याची जी सोय असते, ती नाशिकच्या प्रवाशाने घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणत्या स्वरूपात, एवढाच प्रश्न मी येथे तपासणार आहे. आम्ही ज्या जहाजाने गेलो त्याचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण ही व्यवस्था थोड्याफार फरकाने बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर सारखीच आहे आणि माझ्या दोन-तीन तक्रारी एका संध्याकाळपुरत्या आहेत.

आधी व्यवस्था समजून घेतली पाहिजे. जुन्या पद्धतीत रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात. पहिली संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या सुमारास बसते आणि दुसरी आठ ते साडेआठच्या सुमारास. प्रवाशाला एक पंगत आणि एक टेबल नेमून दिले जाते, आणि प्रवास संपेपर्यंत तेच टेबल, तेच सोबती आणि तेच वेटर राहतात. दुसरी पद्धत मोकळ्या वेळेची. ठरावीक तासांच्या दरम्यान केव्हाही जावे, दाराशी उभा असलेला कर्मचारी 'इतरांबरोबर बसाल का?' असे विचारतो, आणि आपल्या उत्तराप्रमाणे जागा मिळते. अर्थात रोज टेबल वेगळे, वेटर वेगळा आणि शेजारीही वेगळे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये 'फ्रीस्टाइल' या नावाने हा मोकळेपणा आपल्या जहाजांची ओळखच बनवला, आणि पुढे रॉयल कॅरिबियनने 'माय टाइम', कार्निव्हलने 'युअर टाइम' अशा नावांनी तोच पर्याय नेमलेल्या पंगतींच्या जोडीला ठेवला. भोजनगृहात दोन, चार, सहा, आठ आणि क्वचित दहा खुर्च्यांची टेबले असतात. बुफे आणि खोलीत जेवण मागवणे हे मार्ग सर्वांनाच मोकळे असल्यामुळे सामायिक टेबलावर बसण्याची सक्ती कोणावर नसते, हेही येथेच नोंदवतो.

या रिवाजामागे आतिथ्याचा काही थोर विचार आहे असे मानण्याचे कारण नाही. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या आगबोटींवर जागा कमी आणि माणसे पुष्कळ असल्यामुळे लांबलचक टेबलांवर सर्वांना ओळीने बसवत. खुर्च्या जमिनीला स्क्रूने पक्क्या केलेल्या असत आणि लाटांनी ताटे घसरू नयेत म्हणून टेबलाच्या कडांना उंच पट्ट्या लावत. १९०५ मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' या जहाजावर वेगळे पैसे मोजून हव्या त्या पदार्थांची मागणी करता येईल असे स्वतंत्र उपाहारगृह निघाले, आणि ज्यांना परक्यांबरोबर बसायचे नव्हते अशा श्रीमंतांची सोय झाली. आजच्या जहाजांवर जादा दराची जी खास उपाहारगृहे असतात ती त्याच वाटेवरची. कोविडनंतर २०२१ मध्ये जहाजे पुन्हा सुरू झाली तेव्हा अनेक कंपन्यांनी अनोळखी प्रवाशांना एकत्र बसवणे काही काळ थांबवले होते. आता ते पुन्हा चालू झाले आहे, मात्र पुष्कळ ठिकाणी मागितल्याशिवाय मिळत नाही.

आमच्या बाबतीतही ते मागावेच लागले. मी, माझी पत्नी आणि तिची थोरली बहीण, ज्यांना आम्ही सगळेच ताई म्हणतो, असे तिघे निघालो होतो आणि नाशिकमधील एका प्रवासी कंपनीमार्फत बुकिंग केले होते. दुसरी पंगत आणि मोठे सामायिक टेबल हवे, असे मी तेथे स्पष्ट सांगितले. त्यावर मिळालेले उत्तर असे होते की, 'टेबल जहाजावाले ठरवतात साहेब, ते काही आपल्या हातात नसतं.' हे उत्तर खरे नाही. पंगत आणि टेबलाचा आकार या दोन्हींची पसंती बुकिंगच्या वेळीच नोंदवता येते. ती पूर्ण होईलच याची हमी कंपनी देत नाही, पण नोंदच केली नाही तर मिळण्याची शक्यताच उरत नाही. परिणामी पहिल्या रात्री आम्हाला स्वयंपाकघराच्या दारालगत चार खुर्च्यांचे टेबल मिळाले. चौथ्या खुर्चीवर एक एकटे गृहस्थ होते, ते आमच्याहून अधिक अवघडलेले होते, आणि दर दोन मिनिटांनी ते दार उघडून ताटांचा आवाज बाहेर येत होता.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा. भोजनगृहाचा जो मुख्य व्यवस्थापक असतो, ज्याला जहाजावर मॅत्र डी म्हणतात, तो जहाज सुटण्याच्या दिवशी दुपारी ठरावीक वेळ टेबलांच्या बदलासाठीच बसतो. ती वेळ खोलीत येणाऱ्या दैनिक पत्रकात किंवा जहाजाच्या ॲपवर दिलेली असते. त्या वेळी गेलेल्याला जवळजवळ नेहमी काहीतरी मिळते, कारण तोपर्यंत काहींनी पंगत बदललेली असते आणि काही आलेलेच नसतात. आम्ही पहिल्या रात्रीच्या जेवणानंतर गेलो, तरीही त्याने टेबलांची आकृती उघडून पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून आठ जणांच्या गोल टेबलावर तिघांची सोय करून दिली. आमच्या त्या चौथ्या सोबत्याचीही त्याने एकट्याने प्रवास करणाऱ्यांच्या टेबलावर व्यवस्था केली, असे नंतर समजले. त्यासाठी हातावर काही ठेवावे लागले नाही.

पंगत कोणती घ्यावी, या प्रश्नाचे नाशिककरांसाठीचे उत्तर घड्याळातच आहे. सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तासांनी पुढे आहे. म्हणजे जहाजावर साडेपाचला पहिली पंगत बसते तेव्हा नाशिकला दुपारचे तीन वाजलेले असतात, आणि ज्या पोटाला नऊ-साडेनऊच्या जेवणाची सवय आहे त्याच्यापुढे त्या वेळी सूप, मुख्य पदार्थ आणि गोड असा पूर्ण बेत आला तर त्याला न्याय मिळणे कठीण आहे. साडेआठची पंगत म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. तेही लवकरच, पण निभावते. शिवाय फुकेतला मोठी जहाजे बहुधा पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकतात आणि प्रवाशांची ने-आण लहान बोटींनी होते. परतीच्या वेळी त्या बोटींसाठी रांग लागते, आणि पहिल्या पंगतीतल्या अनेकांचे त्या दिवशीचे जेवण हुकते. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे असल्याने घड्याळाचा घोळ आणखी वाढतो. जहाजाची वेळ बदलणार आहे की नाही, हे सकाळीच विचारून घ्यावे. लहान मुले किंवा औषधाच्या वेळा सांभाळणारे वडीलधारे बरोबर असतील तर पहिली पंगत समजू शकतो. इतरांनी दुसरीच घ्यावी.

आता प्रत्यक्ष टेबलाकडे वळतो. आमच्या गोल टेबलावर मेलबर्नजवळच्या यारा व्हॅली भागातले एक निवृत्त दांपत्य, सिंगापूरच्या दोन मैत्रिणी ज्या दोघीही शाळेत शिकवत होत्या, आणि इंग्लंडहून आलेले एक एकटे आजोबा, असे पाच जण होते. आम्ही तिघे धरून आठ खुर्च्या पूर्ण भरल्या. पहिल्या संध्याकाळी जे बोलणे झाले ते कुठेही होते तसेच झाले. कुठून आलात, किती दिवस सुट्टी आहे, जहाज आवडले का, नाशिक कुठे आले, मुंबईपासून किती लांब. यातून काही निष्पन्न होत नाही आणि ते तसे व्हावे अशी अपेक्षाही नसते.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र त्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी वाइनचे कार्ड हातात असताना सहज विचारले की, भारतातही द्राक्षे होतात म्हणे, ती कुठे? माझ्या मेहुण्यांची दिंडोरी तालुक्यात बाग असल्याने हा प्रश्न योग्य माणसाकडे आला होता. मी सांगितले की आमच्याकडे बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी दुसरी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्याकडे हिवाळ्यात वेलीची पाने गळून ती झोपी जाते आणि त्या काळात एकच छाटणी होते. आमच्या हवेत वेल पूर्णपणे कधी झोपतच नाही, म्हणून माणसाला ती दोनदा कापून वळणावर आणावी लागते, हे समजावताना मी नॅपकिनवर आकृत्या काढल्या. सिंगापूरच्या बाईंनी मध्येच सांगितले की त्यांच्याकडच्या दुकानांत भारतीय द्राक्षांची खोकी येतात. त्यानंतरच्या संध्याकाळी ते गृहस्थ स्वतःच्या बागेचे फोटो घेऊन आले, ताईंनी मण्यांची विरळणी आणि घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याचे काम बायका कशा करतात ते मराठीत सांगितले, माझ्या पत्नीने त्याचे इंग्रजी केले, आणि इंग्रज आजोबांनी, जे तोपर्यंत हवामानापलीकडे काही बोलले नव्हते, आपण तरुणपणी केंटमध्ये सफरचंदे तोडायला जात असू ते सांगितले. वेटरने गोडाच्या ताटल्या उचलल्या तरी कोणी उठत नव्हते.

हा प्रसंग सांगण्याचे कारण त्याची तुलना आमच्या सकाळच्या जेवणाशी करायची आहे. मुख्य भोजनगृहातला नाश्ता आणि दुपारचे जेवण बहुतेक जहाजांवर मोकळ्या बैठकीचे असते, म्हणजे येईल त्याला पुढच्या रिकाम्या खुर्चीवर बसवतात आणि तेथेही शेजारी अनोळखीच असतात. आम्ही रोज सकाळी तेथे गेलो. माणसे चांगली होती, कोणी उद्धट नव्हते, तरीही प्रत्येक सकाळी तीच पहिली दहा मिनिटे नव्याने सुरू झाली आणि त्यांच्या पुढे कधीच गेली नाहीत. कुठून आलात, किती दिवस, नाशिक कुठे आले. एका बाजूला त्याच अनोळखी माणसांशी रोज बसणे आणि दुसऱ्या बाजूला रोज नव्या अनोळखी माणसांशी बसणे, या दोन गोष्टी जाहिरातीत एकाच नावाखाली येतात, पण त्यांच्यात मला फारसे साम्य आढळले नाही. ज्याला गप्पांची हौस आहे त्याने मोकळ्या वेळेचा पर्याय घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे; तेथे फक्त ओळखी होतात, आणि त्या विसरायलाच होतात. नेमलेली पंगत असेल तरच सामायिक टेबल घ्यावे. मोकळी वेळच घ्यायची असेल तर सरळ आपल्यापुरते टेबल मागावे आणि शांतपणे जेवावे.

मिसळीच्या दुकानात बाकड्यावर अनोळखी माणसाला खेटून बसण्याची आपल्याला सवय असते, त्यामुळे यात नवीन काय, असे काहींना वाटेल. तेथे वीस मिनिटांत तर्री संपते आणि समोरच्याशी बोलण्याची अपेक्षा कोणी ठेवत नाही. जहाजावरचे जेवण सहज दीड ते दोन तास चालते. पदार्थ एकामागून एक येतात, सर्वांचे होईपर्यंत पुढचा येत नाही, आणि मधल्या वेळात बोलण्याखेरीज करण्यासारखे काही नसते. हा वेळ ज्याला ओझे वाटेल त्याने बुफेत जावे, त्यात कमीपणा काहीच नाही.

टेबलाच्या आकाराविषयी माझा निष्कर्ष असा आहे की चारचे टेबल सर्वांत धोक्याचे. दुसऱ्या जोडप्याशी सूर जमला नाही तर पळायला जागाच नसते, आणि एकाने गप्प बसायचे ठरवले की अर्धे टेबल मुके होते. सहा किंवा आठ हा उत्तम आकार. एक विषय रंगला नाही तर दुसरीकडे मान वळवता येते, आणि एखादा बडबड्या असला तरी त्याचा भार वाटला जातो. दहाच्या टेबलावर समोरच्याचे ऐकू येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात तीन-तीनचे वेगवेगळे गट पडतात. दोघांच्या टेबलाबद्दल मात्र एक गंमत सांगितली पाहिजे. ती टेबले बहुधा खिडकीलगत ओळीने आणि एकमेकांपासून वीतभर अंतरावर मांडलेली असतात. म्हणजे शेजारच्यांचे सगळे ऐकू येते, त्यांना आपले ऐकू जाते, आणि तरीही आपण त्यांच्यात नाही असे दोन्ही बाजूंना दाखवावे लागते. नवविवाहितांनी एकांतासाठी ते टेबल मागितले तर त्यांची निराशाच होण्याची शक्यता अधिक.

आता आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रश्न, शाकाहाराचा. ताई कांदा-लसूणही खात नाहीत, त्यामुळे या बाबतीत माझे निरीक्षण बारकाईने झाले आहे. मोठ्या जहाजांच्या रोजच्या मेनूवर शाकाहारी पदार्थ असतातच, आणि कार्निव्हलसारख्या काही कंपन्या भारतीय पद्धतीचा एक शाकाहारी पदार्थ रोज ठेवतात. जैन किंवा कांदा-लसूणविरहित जेवणासाठी मात्र बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावे लागते आणि त्यासाठी कंपन्या प्रवासापूर्वी काही आठवड्यांची मुदत ठेवतात. जहाजावर चढल्यावर सांगितले तर मिळते ते उपकार म्हणून. येथेच नेमलेल्या टेबलाचा दुसरा मोठा फायदा कळतो. आमचा हेड वेटर रोज रात्री उद्याचा मेनू घेऊन ताईंजवळ येत असे, त्यातून निवड करून घेत असे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे ताट न सांगता येत असे. मोकळ्या वेळेत हे सगळे रोज नव्या वेटरला पहिल्यापासून समजवावे लागले असते. आमचा वेटर इंडोनेशियाचा आणि त्याचा साहाय्यक गोव्याचा होता. त्या गोव्याच्या मुलाला ताईंचे बोलणे थेट कळत होते आणि तो त्यांना 'मावशी' म्हणू लागला. ताईंची डाळ आणि भाजी पाहून सिंगापूरच्या मैत्रिणींनीही एका रात्री तेच मागवले. एकाऐवजी दोन सुरुवातीचे पदार्थ मागितले तरी जादा पैसे पडत नाहीत, त्यामुळे अशी देवाणघेवाण सहज होते.

अडचण अशी की शेजारच्या ताटात गोमांस किंवा डुकराचे मांस असू शकते, आणि ते आपल्या कोपरापासून फूटभर अंतरावर कापले जाते. ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी सामायिक टेबलाचा विचारच करू नये, किंवा बुकिंगच्या वेळी शाकाहारी प्रवाशांबरोबर बसवण्याची विनंती करावी. ती नेहमी पूर्ण होते असे नाही. ताईंनी पहिल्या संध्याकाळी आपली खुर्ची सिंगापूरच्या बाईंशेजारी घेतली आणि प्रश्न मिटवला. टेबल नेमलेले असले तरी त्यावरच्या खुर्च्या नेमलेल्या नसतात.

काही रीतीभाती सांगितल्या पाहिजेत, कारण आपल्या लोकांबद्दल वेटरांमध्ये जे बोलले जाते ते फार सुखावह नाही. पंगतीला वेळेवर जावे. आठ जणांच्या टेबलावर दोघे वीस मिनिटे उशिरा आले की त्यांच्यासाठी सगळ्यांचे सूप थांबते किंवा उरलेल्या सर्व जेवणात त्या दोघांचे ताट मागे राहते. हात धुऊनच आत जावे; जहाजावर पोटाचे संसर्ग झपाट्याने पसरतात, म्हणूनच दाराशी सॅनिटायझर घेऊन माणूस उभा असतो, आणि त्याला वळसा घालून जाणे अशोभनीय दिसते. जेवताना आपसात मराठीत बोलण्याचा मोह फार होतो. मीही तो करत होतो, तेव्हा पत्नीने हळूच 'अहो, त्यांना वाटेल आपण त्यांच्याबद्दलच बोलतोय' असे सुचवले, आणि त्यानंतर आम्ही ताईंसाठी भाषांतर करण्यापुरतेच मराठी ठेवले. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला तर उत्तम. एखाद्या संध्याकाळी औपचारिक पोशाखात जेवायला येण्याचा संकेत असतो, त्याचीही फार काळजी करण्याचे कारण नाही. साडी कोणत्याही गाऊनपेक्षा अधिक लक्ष वेधून घेते, आणि पुरुषांना पूर्ण विजार, कॉलरचा शर्ट आणि पायात बूट एवढे पुरते. हाफ पँट आणि चप्पल घालून आलेल्याला दाराशी थांबवू शकतात.

उणिवाही आहेत आणि त्या सोसाव्या लागतात. सामायिक टेबल प्रवास पुढे सरकेल तसे रोडावत जाते. एखाद्या रात्री कोणी जादा दराच्या उपाहारगृहात जाते, फुकेतच्या रात्री कोणी थकून खोलीतच जेवण मागवते, आणि उरलेल्या चौघांना आठांच्या टेबलावर बसून रिकाम्या खुर्च्यांवरून बोलावे लागते. दुसरी उणीव म्हणजे अनुभवी क्रूझप्रवासी. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ आपण कंपनीच्या निष्ठावंत ग्राहकांच्या कोणत्या श्रेणीत आहोत आणि तिच्यामुळे आपल्याला काय काय फुकट मिळते, हे इतक्या मोठ्याने सांगत होते की आम्हालाही त्यांची श्रेणी पाठ झाली. तिसऱ्या रात्रीनंतर त्यांच्या टेबलावरची दोन माणसे दिसेनाशी झाली. ती कोणाला न दुखावता हलली होती, कारण तसे करणे सोपे आहे. दिवसा मॅत्र डीला भेटून 'आम्हाला दुसरीकडे बसायचे आहे' एवढे सांगायचे, कारण देण्याची गरज नसते, आणि मागे राहिलेल्यांना वाटते की ती मंडळी बुफेत जाऊ लागली असतील.

सहलीच्या मोठ्या गटातून जाणाऱ्यांना या सोयीचा उपयोग जवळजवळ नाही. टूर मॅनेजर सर्वांची टेबले एकत्र घेतो, आणि आपण ज्यांच्याबरोबर विमानात आणि बसमध्ये असतो त्यांच्याबरोबरच जहाजावरही जेवतो. त्यात सोय आहे, ओळखीची माणसे आहेत, पण अनोळखी टेबलाचा अनुभव त्यात नाही. गटातून जाऊनही तो हवा असेल तर निघण्यापूर्वीच मॅनेजरला सांगून आपले टेबल वेगळे करून घ्यावे. मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस'सारख्या जहाजावर बहुतेक प्रवासी भारतीयच असतात आणि ते कुटुंबाने किंवा मित्रमंडळींसह आलेले असतात. तेथे शाकाहारी जेवणाचा प्रश्न मुळीच येत नाही, मात्र परक्या माणसांची भेट हा ज्यांचा हेतू आहे त्यांनी सिंगापूर किंवा युरोपकडे पाहावे. जुनी पद्धत अजून निष्ठेने पाळणारे जहाज हवे असेल तर क्युनार्ड या ब्रिटिश कंपनीची 'क्वीन मेरी २' आहे, जिच्या ब्रिटानिया भोजनगृहात रात्रीच्या नेमलेल्या दोन पंगती आजही बसतात. त्याचा खर्च अर्थातच वेगळा आहे.

एकट्याने प्रवास करणाऱ्या, विशेषतः निवृत्तीनंतर एकटे राहिलेल्या लोकांना मी हे टेबल निःसंकोच सुचवेन. आमच्या टेबलावरच्या इंग्रज आजोबांसाठी दिवसातले पहिले दीर्घ बोलणे बहुधा तेथेच होत असे, आणि ते रोज सर्वांच्या आधी येऊन बसलेले असत. दोघे जण आणि भरपूर गप्पा असा स्वभाव असलेल्यांनाही चालेल. लहान मुलांसह जाणाऱ्यांना नाही. दोन तास मुलांना परक्यांपुढे बसवून ठेवण्यात कोणाचेच भले नाही. मी या सोयीला पाचपैकी चार गुण देतो, आणि कापलेला एक गुण नाशिकमधल्या त्या एजंटच्या खात्यावर टाकतो.

पैशांचे थोडे सांगायचे राहिले. मुख्य भोजनगृहातले जेवण तिकिटातच येते. मद्य आणि बाटलीबंद पेये वेगळी असतात, आणि ती ज्याच्या कार्डावर मागवली त्याच्याच खात्यावर पडतात, त्यामुळे टेबलावर एकाने सगळ्यांसाठी वाइनची बाटली मागवली तर तिचे वाटप नंतर होत नाही. आमच्या टेबलावर पाळीपाळीने मागवण्याची पद्धत पडली, आणि बाटली उरली तर वेटर तिच्यावर खोलीचा क्रमांक लिहून दुसऱ्या रात्री पुन्हा आणत असे, हाही नेमलेल्या टेबलाचा एक फायदा. सेवकांचे बक्षीस बहुतेक अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर या दराने आपोआप खात्यावर लागते. काही एजंट ते काढून टाकता येते असे सांगतात. ते काढू नये, कारण त्यातला वाटा ज्यांना जातो त्यांत ताईंची डाळ रोज आठवणीने आणणारा मुलगाही असतो. त्याला वेगळे काही द्यायचे असेल तर शेवटच्या रात्री पाकिटात घालून त्याच्या हाती द्यावे आणि त्याचे नाव कंपनीच्या अभिप्राय-पत्रात लिहावे, ज्याचा त्याला नोकरीत थेट उपयोग होतो.